माळ्यावरच्या स्लाइड्स

गेल्या महिन्यांत ह्याच सदरांत आम्हीं घरोघरच्या जुन्या पत्रांविषयीं लिहिलें होतें. तें वाचून एका वाचक भगिनींनीं आम्हांस विचारलें कीं, पत्रें निदान हातांत घेऊन वाचतां तरी येतात. पण माळ्यावर धूळ खात पडलेल्या स्लाइड्सचें आम्हीं काय करावें? दाखविण्याचें यंत्र मोडलें आहे, मुलांना त्यांचें महत्त्व वाटत नाहीं, आणि टाकून देण्यास हात धजत नाहीं. हा प्रश्न ऐकून आम्ही मनांतल्या मनांत ओशाळलों. कारण आमच्याहि घरीं पत्र्याच्या दोन ट्रंका व एक लांकडी पेटी ह्याच अवस्थेंत कित्येक वर्षें पडून होती. तें काम आम्हीं अखेर गेल्या वर्षीं हातीं घेतलें व परवां पुरें केलें. त्यांत जें शिकलों, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे मोठे काका १९६२ सालीं यंत्रशास्त्राच्या शिक्षणासाठीं पश्चिम जर्मनीस गेले आणि परततांना एक कॅमेरा व एक प्रोजेक्टर घेऊन आले. पुढें वीस-बावीस वर्षें घरांतील मुंजी, लग्नें, बारशीं, गौरी-गणपति, कुलदैवताच्या यात्रा, सारें त्यांनीं त्या कॅमेऱ्यांत सांठविलें. सुटींत सर्व मंडळी एकत्र जमली म्हणजे रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीच्या भिंतीवर एक स्वच्छ धोतर ताणून बांधीत, दिवे मालवीत, आणि काका एकेक स्लाइड सरकवीत. आपलें तोंड धोतराएवढें मोठें झालेलें पाहून आम्हां मुलांना जो आनंद होई, त्याला तोड नव्हती. काका गेले, प्रोजेक्टरचा दिवा गेला, तसा दिवा पुन्हां मिळेना, आणि पेट्या माळ्यावर गेल्या. मोजल्या तेव्हां स्लाइड्स सुमारें २,४०० भरल्या.

ज्या तरुण वाचकांनीं स्लाइड पाहिलीच नसेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. साध्या फोटोला निगेटिव्ह असतें व त्यावरून हव्या तितक्या प्रती काढतां येतात. स्लाइडची गोष्ट निराळी. जी फिल्म कॅमेऱ्यांत फिरली, तीच धुऊन, कापून, पांच सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत बसवून हातीं येते. आंतील चित्र अवघें २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद. म्हणजे प्रत्येक स्लाइड एकुलती एक असते. ती गेली कीं गेलीच. ह्या प्रकारांत कोडाक्रोम ही फिल्म विशेष प्रसिद्ध. ती १९३५ सालीं प्रथम चलच्चित्रासाठीं निघाली व १९३६ सालीं साध्या कॅमेऱ्यासाठीं मिळूं लागली. तिची युक्ति शोधून काढणारे मॅनेस व गोडोव्स्की हे दोघे व्यवसायानें वादक होते, एक पियानोचा व दुसरा व्हायोलिनचा, हें आमच्या संगीतप्रेमी वाचकांस ऐकून मौज वाटेल. २००९ सालीं तिचें उत्पादन थांबलें, आणि ती धुऊन देणारी जगांतील शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांतील, तिनेंहि २०१० च्या अखेरीस नवे रोल घेणें बंद केलें. आमच्याकडे १९६४ नंतर पूर्व जर्मनीच्या वोल्फेन येथील कारखान्याची ओर्वो फिल्महि बरीच येत असे. काकांच्या पेट्यांत दोन्ही प्रकार निघाले.

आतां घाई कशासाठीं, असें कोणी विचारील. कारणें तीन आहेत. पहिलें रंगांचें. कोडाक्रोमचे रंग अंधारांत उत्तम टिकतात, मात्र प्रोजेक्टरच्या प्रखर प्रकाशांत ते तुलनेनें लवकर उडतात. इतर कित्येक जुन्या फिल्म अंधारांत ठेवूनहि हळूहळू रंग बदलतात. आमच्या ओर्वोच्या बहुतेक स्लाइड्स तांबूस झाल्या होत्या, जणूं काय सर्व लग्नें संध्याकाळींच लागलीं! दुसरें कारण बुरशीचें. फिल्मवरील थर जिलेटिनाचा असतो, व जिलेटिन हें बुरशीचें अन्न आहे. आपल्याकडील चार महिन्यांचा पावसाळा, कोंकणांत तर विचारूंच नये, तिला चांगलाच मानवतो. तिसरें कारण सर्वांत मोठें, आणि तें आम्हांस उशिरा समजलें. तें पुढें सांगूं.

काम सुरू करण्यापूर्वीं आम्हीं तीन मार्गांचा विचार केला. पहिला मार्ग दुकानदाराकडे सोंपविण्याचा. त्यांत श्रम वांचतात. पण एकुलत्या एक वस्तूंनीं भरलेली ट्रंक घराबाहेर पाठविण्यास काकूंचें मन घेईना, व आमचेंहि घेईना. दुसरा मार्ग स्कॅनरचा. चांगल्या घरगुती स्कॅनरवर एका वेळीं चारपांच स्लाइड्स मांडतां येतात, पण बारीक तपशिलासह एक स्लाइड उतरविण्यास, मांडणें-काढणें धरून, आम्हांस सरासरी तीन मिनिटें लागूं लागलीं. २,४०० स्लाइड्सना ७,२०० मिनिटें, म्हणजे १२० तास! रोज एक तास म्हटलें तरी चार महिने. तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा : स्लाइडखालीं प्रकाश ठेवावयाचा व वरून जवळचें टिपणाऱ्या भिंगानें तिचा फोटो घ्यावयाचा. आमच्या पुतण्याकडे तसा कॅमेरा व भिंग होतें, म्हणून आम्हीं हा मार्ग धरिला. ज्यांच्याकडे कॅमेरा नाहीं व स्लाइड्स शेंदोनशेंच आहेत, त्यांना स्कॅनरच सोयीचा.

मांडणी साधी आहे. टेबलावर एल्‌ईडीची पाटी ठेवावी. तिच्यावर रंग यथार्थ दाखविण्याचा अंक, ज्याला सीआरआय म्हणतात, तो ९५ वा अधिक लिहिलेला असावा. स्लाइड पाटीला चिकटवून ठेवूं नये, दोनतीन बोटें वर धरील असें खोकें करावें, म्हणजे पाटीचे ठिपके वा धूळ चित्रांत उमटत नाहीं. पुठ्ठ्याचें हें खोकें आमच्या सूनबाईंनीं केलें व तें अखेरपर्यंत टिकलें. कॅमेरा तिवईवर बरोबर खालीं तोंड करून बसवावा. भिंगाचें छिद्र एफ-८ च्या आसपास, संवेदनक्षमता शंभर, व सर्व मोजमापें हातानें ठरवून एकदां कायम करावीं. बटण दाबतांना धक्का लागतो, म्हणून दोन सेकंदांच्या विलंबाची सोय वापरावी. खोलींतले इतर दिवे मालवावे. एवढी सिद्धता झाली म्हणजे तासाला शंभर-सव्वाशें स्लाइड्स सहज होतात.

फोटोपूर्वीं प्रत्येक स्लाइड फुंकणीनें झटकावी. तोंडानें फुंकूं नये, कारण थुंकीचा कण उडतो. फार झालें तर मऊ कुंचला फिरवावा. बुरशी दिसली तरी पाण्याचें नांव काढूं नये. बुरशीनें खाल्लेला जिलेटिनाचा थर पाण्यांत विरघळतो, व डागाबरोबर चित्रहि धुऊन जातें. कांहीं स्कॅनरांत इन्फ्रारेड किरणांनीं धूळ ओळखून आपोआप पुसण्याची सोय असते. ती इतर रंगीत स्लाइड्सना उपकारक आहे. पण कोडाक्रोमवर व कृष्णधवल फिल्मवर ती फसते आणि चित्राचाच भाग धूळ समजून पुसूं लागते. तेथें ती बंद ठेवावी.

पहिल्याच आठवड्यांत आमच्याकडून एक चूक झाली, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. स्लाइडची एक बाजू चकचकीत व दुसरी किंचित मंद असते. चकचकीत बाजू भिंगाकडे असली म्हणजे चित्र सुलट येतें. घाईंत आम्हीं एक सबंध डबा उलटा टिपला व तो कौतुकानें मोठ्या काकूंना दाखवावयास नेला. काकूंचें वय ८८, एका डोळ्याचें मोतीबिंदूचें काम झालेलें. त्यांनीं दादाच्या मुंजीचें चित्र क्षणभर पाहिलें आणि म्हणाल्या, "अरे, मुंजीच्या दिवशींच मुलाला अपसव्य कोणी केलें रे?" पाहतों तों खरेंच, जानवें उजव्या खांद्यावर! शिकल्यासवरल्या चार माणसांना जें दिसलें नाहीं, तें काकूंना एका दृष्टिक्षेपांत दिसलें. संगणकावर चित्रें उलटून घेण्यास पांच मिनिटें लागलीं. पण तेव्हांपासून प्रत्येक डब्याचीं पहिलीं चित्रें काकूंना दाखविल्याशिवाय आम्हीं पुढें पाऊल टाकलें नाहीं.

आणि येथेंच तें तिसरें कारण आमच्या ध्यानांत आलें. आम्ही चित्रें वांचवीत होतों, परंतु चित्रांतील माणसें कोण, हें सांगूं शकणारें घरांत एकच माणूस उरलें होतें. कॅमेरा पुढील वर्षींहि विकत मिळेल. सांगणारें माणूस मिळेल कीं नाहीं, हें कोणीं सांगावें? म्हणून आम्हीं क्रम बदलला. रोज दुपारीं चहा झाल्यावर काकूंजवळ तीस-चाळीस चित्रें घेऊन बसावें, त्या सांगतील तें वहींत लिहावें, आणि मोबाइलवर त्यांचा आवाजहि उतरून ठेवावा. "ही आजी" एवढ्यानें भागत नाहीं. पन्नास वर्षांनीं कोणाची आजी, हें कोणास कळणार? म्हणून पूर्ण नांव, माहेर-सासर, नातें, गांव, प्रसंग, अदमासें साल, आणि हें कोणीं सांगितलें, इतकें प्रत्येक चित्रापुढें लिहिलें. सालाबद्दल वाद पडला तर चौकट पाहावी. कोडॅकच्या पुठ्ठ्याच्या चौकटींवर पुष्कळदां महिना व वर्ष छापलेलें असतें. मात्र तें फिल्म धुतल्याचें असतें, फोटो काढल्याचें नव्हे. गणपतींतील फोटो माघांत धुतला गेलेला असूं शकतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतों. दादाच्याच मुंजीची, १९६६ सालची, एक स्लाइड वांकडी झाली होती व पुठ्ठ्याच्या कडेला बुरशी दिसत होती. म्हणून आम्हीं जपून चौकट उसवली व नुसती फिल्म टिपली. चौकट चित्राची प्रत्येक बाजूची मिलिमीटरभर कड झांकते, हें आम्हांस ठाऊक होतें. पण त्या कडेंत कांहीं असेल, असें मनांतहि आलें नव्हतें. धोतरावर हें चित्र आम्हीं लहानपणीं वीस वेळां तरी पाहिलें असेल. मध्यें मातृभोजनाला बसलेला दादा, शेजारीं आई, आणि उजव्या टोंकाला माजघराच्या दारांत एक हात व त्यांत तुपाची वाटी. तो हात कोणाचा, असें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. चौकट काढल्यावर त्या हातामागें चेहरा आला. डोक्यावरून लाल आलवण घेतलेली एक वृद्ध बाई दाराआड अर्धी उभी होती, आणि दादाकडे पाहून हंसत होती.

काकू पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "ह्या आत्याबाई." त्या आमच्या आजोबांच्या बहीण. बाराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं परत आल्या आणि पुढें साठ वर्षें ह्याच घराचें स्वयंपाकघर त्यांनीं सांभाळिलें. आमच्या वडिलांपासून आमच्यापर्यंत दोन पिढ्यांचीं बाळंतपणें त्यांच्या हातचीं. "काकांनीं एवढे फोटो काढले, मग त्यांचा एकहि कसा नाहीं?" असें आम्हीं विचारलें. काकू म्हणाल्या, "मंगल कार्याच्या फोटोंत मी नको, असें त्या आपणच म्हणत, आणि कॅमेरा दिसला कीं आंत जात." थोड्या वेळानें त्याच पुढें म्हणाल्या, "पण या म्हणून आम्हींहि कोणीं त्यांना कधीं बोलावलें नाहीं. मीहि नाहीं."

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्यांत आत्याबाईंच्या वांट्याला एकच ओळ आली आहे. जन्म, लग्न, वैधव्य, मृत्यु, संपलें. ज्या घरांत त्या साठ वर्षें राबल्या, त्या घरांत त्यांचा चेहरा पुठ्ठ्याच्या कडेखालीं जवळजवळ साठ वर्षें झांकलेला होता, ही गोष्ट आम्हांस फार लागली. पुढील दोन आठवडे आम्हीं सर्व चित्रें पुन्हां कडांकडांनीं पाहिलीं. आणखी सात ठिकाणीं त्या सांपडल्या : कोठें पाठमोऱ्या, कोठें विहिरीवर, कोठें नुसती सांवली. ह्या आठहि चित्रांपुढें त्यांचें माहेरचें नांव आम्हीं लिहिलें आहे, व कुलवृत्तांताच्या घरच्या प्रतींत तें मुंजीचें चित्र छापून चिकटविलें आहे. तेव्हांपासून एक नियमहि केला : मूळ प्रत कातरावयाची नाहीं. संगणकांत चित्राच्या कडा आपोआप छाटण्याची सोय असते. शोभेसाठीं हवी तर दुसऱ्या प्रतीवर ती वापरावी. कडेला कोण उभें आहे, हें छाटणाऱ्या यंत्रास कळत नाहीं.

आतां जपणुकीविषयीं. चित्र किती सूक्ष्म उतरवावें, ह्याला हिशेब आहे. एका इंचांत ४,००० ठिपके ह्या मापानें स्लाइड उतरविली तर सुमारें दोन कोटि चौदा लक्ष ठिपके होतात, आणि दाब न देतां टिफ प्रकारांत सांठविलेली साधी प्रत ६४ मेगाबाइट भरते. आमच्या २,४०० स्लाइड्सना ह्याप्रमाणें सुमारें १५४ गिगाबाइट जागा लागली. आजच्या मानानें ती फार नव्हे. मूळ प्रत ह्या स्वरूपांत ठेवावी, आणि पाहण्या-पाठविण्यासाठीं लहान जेपेग प्रती निराळ्या कराव्या. कॅमेरा प्रत्येक चित्रावर आजची तारीख घालतो. ती बदलून खरें साल घालण्यास विसरूं नये, नाहींतर पणजोबांची एकसष्टी गेल्या वर्षींची ठरावयाची.

प्रती तीन असाव्या, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी घराबाहेर असावी. आमची एक प्रत घरच्या संगणकांत, दुसरी हार्ड डिस्कवर, तिसरी परगांवीं असलेल्या पुतणीकडे आहे. वीस वर्षांपूर्वीं आम्हीं कांहीं छापील फोटो सीडीवर उतरवून निश्चिंत झालों होतों. त्यांतील दोन सीडी आज उघडत नाहींत. ठेवलें म्हणजे टिकलें असें नव्हे. दसऱ्याला आपण शस्त्रें-पुस्तकें बाहेर काढून पूजितों. त्याच दिवशीं ही हार्ड डिस्क उघडून पाहावी व चारपांच वर्षांनीं तिची नवी प्रत करावी, असा परिपाठ आम्हीं घातला आहे.

काम संपल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आतां ह्या ट्रंका रद्दींत देऊं या कां? जागा तरी होईल." त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें, दोन खोल्यांच्या घरांत राहणारास जागेची किंमत अधिक कळते. तरी आम्हीं नाहीं म्हटलें. संगणकांतील चित्र ही कितीहि उत्तम असली तरी प्रत आहे. उद्यां अधिक चांगलें यंत्र निघालें तर मूळ वस्तूपासून अधिक चांगली प्रत होईल. आणि आम्हीं त्या पुठ्ठ्यासकटच समाधान मानिलें असतें, तर आत्याबाई सांपडल्या नसत्या. एकच तडजोड केली. पूर्ण काळ्या, पूर्ण पांढऱ्या, व एकाच धबधब्याच्या अकरा स्लाइड्सपैकीं नऊ, अशा सुमारें ३०० काढून टाकल्या. उरलेल्या कागदी डब्यांत घालून माळ्यावरून खालीं, कोरड्या कपाटांत आणल्या. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांत मात्र त्या ठेवूं नयेत. त्यांतून निघणारीं द्रव्यें फिल्मला अपाय करतात.

शेवटीं एक विनंति. चित्रें तयार झालीं कीं तीं सर्व नातलगांच्या व्हॉट्सॲप मंडळांत लोटण्याचा मोह होतो. तेथें पाठविलेलें चित्र सामान्यतः लहान होऊन जातें, म्हणून त्यालाच प्रत समजूं नये. शिवाय ज्यांचें चित्र आहे, त्यांस किंवा त्यांच्या मुलांस आधीं विचारावें. एकाच्या कौतुकाचें चित्र दुसऱ्याच्या दुःखाचें असूं शकतें.

ज्या भगिनींनीं प्रश्न विचारला, त्यांना आमचें सांगणें एवढेंच कीं, यंत्र कोणतें घ्यावें हा विचार पुढच्या महिन्यांत केला तरी चालेल. आज पेटी खालीं काढावी, एक डबा उघडावा, आणि घरांतील सर्वांत वडील माणसाला उजेडाजवळ बसवून विचारावें कीं, हें कोण?